दाजींचं येणं

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकाही माणसावर राग धरला नाही, आणि त्याचं सगळं श्रेय इंग्रजी व्याकरणाला आहे. कुणी म्हणेल, स्वभावच तसा असेल. काही माणसं मुळात शांत असतात. दाजी मुळीच शांत नव्हते. भाजीत मीठ जास्त पडलं, एसटी उशिरा आली, कचेरीच्या जिन्यात कुणी पान खाऊन थुंकलं, की ते चांगले तापत. कानाच्या पाळ्या लाल होत, मिशीची टोकं हलू लागत. पण तो सगळा ताप ते त्या खारटपणावर, त्या उशिरावर आणि त्या थुंकण्यावर काढत. स्वयंपाक करणारी, गाडी हाकणारा आणि पान खाणारा यांच्यापर्यंत तो कधी पोचत नसे. थुंकणाऱ्याला तर ते नंतर चहा पाजत, आणि चहा पिताना थुंकण्याविषयी पुन्हा एकदा तळमळीनं बोलत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी कारकून; आधी निलंग्याला, मग लातूरला. त्यांचं इंग्रजी त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर नांदेडच्या जुन्या बाजारात त्यांना व्याकरणाचं एक पुस्तक मिळालं. त्याला पुढचा पुठ्ठा नव्हता, त्यामुळे लिहिणारा कोण ते त्यांना जन्मात कळलं नाही. आणि मागची निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे लिहिणाऱ्याला पुढं काय सांगायचं होतं तेही कळलं नाही. वाळवी जिथं थांबली होती त्या शेवटच्या पानावर एक नियम होता. इंग्रजीत क्रियापदाला शेपूट लावून त्याचं नाम करतात. 'कम'चं 'कमिंग' होतं, म्हणजे येणं. आता हे येणं कुणाचं, ते सांगायचं तर 'यू कमिंग' म्हणू नये, 'युवर कमिंग' म्हणावं. एवढाच नियम. पण पुस्तक तिथं संपत होतं, आणि त्यामुळे दाजींची अशी पक्की समजूत झाली की इंग्रजी भाषाही तिथंच संपते. हे तिचं शिखर, याच्यावर फक्त आभाळ.

"आन् त्यात काही अवघड न्हाई," ते मला सांगायचे. मी अकरावीपासून कॉलेज संपेपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. "तू सांग, 'तू येणं मला आवडलं' असं आपल्यात कोण म्हणतं? शाळेत न गेलेली म्हातारीसुद्धा 'तुझं येणं' म्हणती. आपल्याला जन्मतःच येतं ते साहेबलोकांना पुस्तकात लिहून ठेवावं लागलं."

यावर त्यांनी स्वतःचं म्हणून जे तत्त्वज्ञान उभारलं ते मात्र पुस्तकात नव्हतं. मी ओरडून पाठांतर करू लागले की ते दारात येऊन उभे राहत. "हे बघ, 'आय डोन्ट लाइक यू शाउटिंग' म्हटलं की मला पहिल्यांदा तूच आवडत न्हाईस. ओरडणं मागून आलं. आन् 'युवर शाउटिंग' म्हटलं की तू आवडतीस, ओरडणं तेवढं आवडत न्हाई. एका अक्षरानं माणूस वाचतो." मग ते समाधानानं निघून जात, आणि मी ओरडणं बंद करायचं की नाही ते सांगायचं राहून जाई.

ताई आठवी शिकलेली, पण या शास्त्रात ती त्यांना हार जाणारी नव्हती. एकदा तव्यावरची भाकर करपली. दाजी ताटावर बसून गंभीरपणे म्हणाले, "तुझं भाकर करपवणं मला पसंत न्हाई." ताई चुलीपुढून न वळता म्हणाली, "मंग माझं उपाशी ठेवणं पसंत पडंल का?" दाजींचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. "वाक्य एकदम बरोबर हाय," म्हणाले, आणि करपलेली भाकर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. पुढचे आठ दिवस ते वाक्य ते येईल त्याला सांगत होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात बोलणं भरपूर होतं.

बहात्तरच्या दुष्काळातली एक हकिगत ताई सांगायची. दाजी तेव्हा निलंग्याकडे एका रस्त्याच्या कामावर हजेरी मांडायला होते. माणसं दिवसभर उन्हात खडी फोडायची. एकानं हजेरीवरून भांडण काढलं आणि हातातला दगड भिरकावला, तो दाजींच्या कपाळाला लागला. वरच्या साहेबांनी लेखी तक्रार मागितली. म्हणजे त्या माणसाचं नाव कामावरून कमी करता येईल. दाजींनी पट्टी बांधल्या डोक्यानं इंग्रजीत अर्ज लिहिला: 'त्याचं दगड फेकणं' याबद्दल मी खेद व्यक्त करतो. साहेब म्हणाले, "अहो, फेकणारा कोण? माणसाबद्दल लिहा." दाजी म्हणाले, "माणसाबद्दल माझी तक्रार न्हाई, साहेब. तक्रार फेकण्याबद्दल हाय. ते झालं, आता पुन्हा होत न्हाई." साहेबांनी अर्ज वर-खाली करून पाहिला, कोणाला काढावं ते काही त्यात सापडेना, शेवटी कागद फायलीत गेला. तो माणूस कामावर राहिला. त्या दिवसांत कामावरून जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. कपाळावरची खूण दाजींना शेवटपर्यंत होती. ती दाखवून ते कधी त्या माणसाविषयी बोलले नाहीत, वाक्यरचनेविषयी बोलले.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा लातूर जिल्हा झाला. गावात एकदम पाट्यांचं पीक आलं. रोज कुठल्या तरी भाड्याच्या इमारतीवर नवी कचेरी उघडायची, खुर्च्या उसन्या यायच्या, आणि सगळ्यात आधी पाटी लागायची. दाजी कचेरीतून येताना वाट वाकडी करून पाट्या वाचत येत. त्यांच्याच इमारतीत एक इंग्रजी पाटी रंगत होती. लोकांनी परवानगीशिवाय आत येणं चालणार नाही, अशा अर्थाची. पेंटरनं 'पीपल एंटरिंग' काढलं होतं. दाजींनी त्याला शिडीवरून खाली उतरवलं आणि 'पीपल'च्या डोक्यावर एक स्वल्पविराम टांगून पुढं 'एस' काढायला सांगितलं. पेंटर वैतागला. "साहेब, ही शेपूट कशापायी?"

"ती लोकांची हाय," दाजी म्हणाले. "त्यांना द्यायची राहून गेली होती."

पेंटरनं रागारागानं ती शेपूट एवढी मोठी काढली की लांबून पाटीवर पाल बसल्यासारखी दिसे. एका शिपायानं तिला दोनदा झाडूनं हाकललं. दाजी तरीही मला मुद्दाम ती पाटी दाखवायला घेऊन गेले. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून आम्ही ती बराच वेळ पाहिली. "आख्ख्या जिल्ह्यात बरोबर पाटी एवढीच," ते म्हणाले. जिल्हा तेव्हा जेमतेम काही महिन्यांचा होता.

मी इंग्रजीची शिक्षिका झाले ती त्यांच्यामुळे. नांदेडला मुलींच्या शाळेत नोकरी लागली, पुढं लग्नही तिथंच झालं. यजमान मुदखेडला रेल्वेत, रोज जाऊन येऊन, घरी सासूबाई. मी नांदेडला निघाले तेव्हा दाजींनी एकच अट घातली: पत्रं इंग्रजीत लिहायची. मी लिहायचे, आणि आठ दिवसांनी माझंच पत्र लाल शाईनं दुरुस्त होऊन पाकिटातून परत यायचं. सोबत त्यांचं पत्र. माझ्या मुलीच्या जन्माची बातमीसुद्धा परत आली. 'बेबी क्राइंग'ला लाल शाईत 'बेबीज क्राइंग' करून, आणि खाली मराठीत, 'ताईला आनंदानं रडू आलं. तिचं रडणं मी पाहिलं.' शाळेत मैत्रिणींना दाखवून मी हसायचे. पण त्या दुरुस्त्या मी टाकून दिल्या नाहीत, आणि वर्गात पोरींना शिकवताना शिकवायचे दाजींचंच.

मग ताई गेली. पोटाचं दुखणं होतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी दाजी पहिल्या रांगेत ताठ बसून होते आणि कुणी काही बोललं की मान हलवत होते. त्यानंतर मी पाठवलेली पत्रं परत येईनाशी झाली. चार महिन्यांनी एक आलं, त्यात एका ठिकाणी लाल खूण. मी ते पत्र हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मला हायसं वाटलं. माणूस परत कामाला लागला, असं वाटलं.

त्याच्या पुढच्या सुट्टीत आमच्या शाळेनं मला शिक्षकांच्या शिबिराला पाठवलं. तिथं बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते. कुणीतरी विचारल्यावर ते म्हणाले, की हा जुना दंडक आता कुणी पाळत नाही. 'यू कमिंग' म्हणा की 'युवर कमिंग', दोन्ही चालतं. मी परतताना लातूरला उतरले आणि अगदी उत्साहानं दाजींना ते सांगितलं. का सांगितलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांना बरं वाटेल म्हणून नक्कीच नाही. मला बहुधा दाखवायचं होतं की मी आता त्यांच्या पुस्तकाच्या पुढं गेले आहे.

दाजी त्या वेळी एकटे राहत होते. स्टोव्हवर चहा ठेवत होते. त्यांनी पाठमोरंच विचारलं, "दोन्ही चालतं? कुणाला चालतं?"

"सगळ्यांनाच. नव्या इंग्रजीत चालतं, दाजी."

"बरं." त्यांनी चहात साखर टाकली, हलवली. "म्हणजे इंग्रज थकले म्हणायचं."

मी हसले. तेही हसले. मग म्हणाले, "तू शिकव तसं. पोरींना परीक्षा पास व्हायचीय. पण मला या वयात जमायचं न्हाई." त्यांनी चहा दिला आणि दुसरं काही तरी बोलू लागले. पुढं माझी पत्रं परत येत, तेव्हा त्या जागी लाल खूण नसे. बाकी चुका दुरुस्त केलेल्या असत. ती एक जागा ते सोडून देत.

दोन वर्षांनी दुष्काळ पडला. नांदेडला गोदावरी आहे, आम्हाला पाण्याची तंगी फारशी जाणवत नव्हती. लातूरला मात्र नळाला पाणी कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसे. गल्लीत टँकर यायचा, आणि तो येण्याआधीच घागरी, डबे, हंडे यांची रांग रस्ताभर पसरायची. दाजी तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. गुडघे दुखत होते. चैत्रात त्यांचं पत्र आलं. सगळं खुशालीचं, आणि शेवटी, इंग्रजीत: पाणी वाहणं आता झेपत नाही, उन्हाळ्याचे दोन महिने नांदेडला काढावे म्हणतो, माझं येणं तुम्हाला अडचणीचं होणार नाही अशी आशा आहे. 'माय कमिंग' नीट, वळणदार अक्षरात लिहिलेलं.

आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझ्या दोन मुलींचा अभ्यास, आतल्या खोलीत सासूबाईंचं अंथरूण आणि स्वयंपाक. यजमानांना मी पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "येऊ दे की. तुझे दाजी आहेत." सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती दिस राहतेल?"

एवढंच त्या म्हणाल्या. पण मला तेवढं पुरलं. मी मनात ठरवून टाकलं की सासूबाईंना ते आवडलेलं नाही. बहीण गेली, आता बहिणीच्या नवऱ्याचं माझ्या सासरी येऊन दोन महिने राहणं, चारचौघांत कसं दिसेल, हे सगळं त्या बोलल्या नव्हत्या, पण मी त्यांच्या तोंडी घातलं. खरं सांगायचं तर सुट्टीत मला थोडं मोकळं राहायचं होतं. सकाळी उठल्यापासून कुणी वाक्यं दुरुस्त करणार, कुणी ताईची आठवण काढणार, ते मला नको होतं. हे मी स्वतःलाही म्हटलं नाही. आठ दिवस पत्राला उत्तर दिलं नाही. मग एका दुपारी शाळेत, ऑफ तासाला, उत्तर लिहिलं. मुलींच्या परीक्षा आहेत, सासूबाईंची तब्येत बरी नसते, जागा तुम्हाला माहीतच आहे. आणि शेवटी, 'वुई डोन्ट माइंड यू कमिंग.' तुम्ही येण्याला आमची हरकत नाही. लिहिताना हात क्षणभर थांबला होता. दोन्ही चालतं, असं मी मनात म्हटलं आणि पत्र पेटीत टाकलं.

ते पत्र परत आलं नाही. दहा दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं, मराठीत. पाण्याची सोय झाली आहे, टँकर आता अगदी दारासमोर उभा राहतो, काळजी करू नये, मुलींना परीक्षेसाठी आशीर्वाद. वर्तमानपत्रात रोज लातूरच्या पाण्याच्या बातम्या होत्या. ते कार्ड खोटं आहे हे मला वाचता वाचताच कळलं, आणि तरी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. कार्ड मी यजमानांना दाखवलं. "बघा, सोय झाली त्यांची," मी म्हटलं.

उन्हाळा संपता संपता औशाला यजमानांच्या नात्यात लग्न होतं. परतताना मी एकटीच लातूरला उतरले. दाजींच्या शेजारी किराणा दुकान होतं. दुकानाच्या मालकीणबाई, कपाळावर भस्माचे पट्टे, सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. मला पाहताच त्या गल्ल्यावरून उठून बाहेर आल्या. "आलात का? आता आलात?" एवढंच म्हणाल्या आणि मला आत घेऊन गेल्या. दाजी खाटेवर बसून होते, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरात. टँकरजवळ चिखल झाला होता, भरलेली घागर घेऊन वळताना पाय घसरला.

अक्का चहा करता करता मला रांगेच्या गोष्टी सांगत होत्या, आणि त्या ऐकून रडावं की हसावं कळेना. रांगेत बायकांची भांडणं लागत, शिव्यागाळी होई. दाजींनी तिथंही आपलं शास्त्र चालू केलं. 'तू मधी का घुसलीस' असं कुणी म्हणालं की ते म्हणत, "तिला काही म्हणू नका बाई. घुसण्याला म्हणा." आधी लोक हसले, मग कंटाळले, मग त्यांना ती सवयच लागली. "आता आमच्या गल्लीत कोन कुनाला वंगाळ बोलत न्हाई," अक्का म्हणाल्या. "परवा ती कोपऱ्यावरची म्हनली, अक्का, तुमचं दोन घागरी जास्त भरनं काही बरं न्हाई. मी म्हनलं, तुझंबी बघून राहनं बरं न्हाई. आन् दोघी हसलो. पडले त्या दिवशी समद्या बायकांनी उचलून आनलं बगा ह्यांना. तवापासून ह्यांचं पानी गल्लीच भरती."

अक्का दुकानात गेल्यावर मी खाटेच्या पायथ्याशी बसले. "दाजी, माझं पत्र मिळालं होतं का?"

"मिळालं की."

"मग परत पाठवलं नाहीत."

"हात असा. लाल पेन धरता येईना." हात मोडला तो त्यानंतर कितीतरी दिवसांनी, हिशेब मला येत होता. मग त्यांनीच प्लास्टरवरची धूळ झटकत म्हटलं, "आन् खरं सांगू का, दुरुस्त करायसारखं त्यात काही नव्हतं. मी दोन-तीनदा वाचून बघितलं. तुझ्या मनात होतं तसंच तू लिहिलं होतंस. वाक्य बरोबर होतं तुझं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना टोमणा मारता येत नसे. पहिल्यांदाच माझं एखादं वाक्य त्यांनी पूर्ण बरोबर धरलं होतं, आणि मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "आत्ता चला माझ्याबरोबर." ते म्हणाले, "आता कशाला? पंधरा दिवसांनी प्लास्टर निघंल. तुझी शाळा सुरू होतीय. गल्ली पाणी भरती." मी फार आग्रह केला नाही. केला असता तर ते आले असते, असं मला आता वाटतं. तेव्हा मी त्यांना सांगितलं की दिवाळीत नक्की यायचं. ते "बरं" म्हणाले. मला बसवर सोडायला प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून स्टँडपर्यंत आले.

दिवाळीत ते आले नाहीत. मीही नुसतं एक कार्ड टाकलं होतं. पण त्या साली पाऊस झाला होता, पिकं बरी होती, आणि जानेवारीत एका रविवारी सकाळी मला एकदम वाटलं की पत्रं पुरे झाली. आपण जावं आणि त्यांना घेऊनच यावं. सासूबाईंना "जाऊन येते" एवढंच म्हणाले, कुठं ते सांगितलं नाही. अजून माझ्या मनात तीच भीती. पहिली गाडी धरून लातूरला पोचले तर दाराला कुलूप. अक्का दुकानातून म्हणाल्या, "अवो, ते तर सकाळीच नांदेडला गेले, तुमच्याकडं. ताज्या तुरीच्या शेंगा घेऊन गेलेत पिशवीभर."

मी आल्या पावली फिरले, पण गाडी दोनला होती. नांदेडला घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ओट्यावर उकडलेल्या शेंगांची सालं सुपात पडलेली. सासूबाई एकट्याच बसल्या होत्या. यजमान रविवार असूनही ड्यूटीवर, मुली मैत्रिणीकडे. म्हणजे दिवसभर घरात सासूबाई आणि दाजी दोघंच होते. चारची गाडी चुकली की पंचाईत म्हणून साडेतीनलाच ते निघून गेले होते. आमच्या दोघांच्या गाड्या दोन्ही वेळा कुठं तरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार, बहुधा अहमदपूरच्या आसपास.

"लई भला मानूस," सासूबाई म्हणाल्या. "शेंगा सोलल्या माझ्यासंगं बसून. तुझ्या बहिनीचं सांगून राहिले होते. म्या म्हनलं, राव्हा आजच्या दिस, ती येईलच. म्हनले, उन्हाळ्यात येतो, दोन महिने राहतो. म्या म्हनलं, या." मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "काहून गं, त्यायला आधीच काहून न्हाई बोलावलं? लंगड्या पायानं पानी वाहत व्हते म्हनं तिकडं."

"तुम्हीच विचारलं होतं ना, किती दिवस राहणार म्हणून," मी म्हटलं. बोलताना आवाज चोरासारखा निघाला.

"हाव, इचारलं. घरात वाकळा दोनच. दोन दिस राहनार असले तर शेजारून आनता येती, महिना-दोन महिने म्हनलं तर शिवावी लागती. म्हनून इचारलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतली जुनी लुगडी काढली आणि दाजींसाठी वाकळ शिवायला घेतली. रोज दुपारी उन्हात पाय पसरून बसायच्या, बारीक, एकासारखे एक टाके. मी दाजींना पत्र लिहिलं, मराठीत, चार पानी. त्यात सगळं लिहिलं; आठ दिवस उत्तर का दिलं नाही तेही, आणि सासूबाई काय म्हणाल्या तेही. त्यांचं उत्तर आलं, डाव्या हातानं लिहिलेलं, अक्षर लहान मुलासारखं. मनगट वाकडं जुळलं होतं. 'चैत्रात येतो. सासूबाईंना नमस्कार. त्यांचं आग्रह करणं फार आवडलं.'

फाल्गुन लागला तशी अक्कांची तार आली. दाजी झोपेतच गेले होते. आम्ही सगळे गेलो, सासूबाईसुद्धा. गल्लीतल्या बायकांनी पाण्यापासून सगळं आधीच केलं होतं. आम्हाला करायला काही ठेवलं नव्हतं.

परत आल्यावर वाकळ बरेच दिवस तशीच अर्धवट, कोपऱ्यात घडी करून पडली होती. एके दिवशी सासूबाईंनी ती माझ्या पुढ्यात आणून टाकली, सुई-दोरा वर ठेवला. "राहिलेले टाके तू घाल," म्हणाल्या. मला शिवण येत नाही हे त्यांना माहीत होतं. मी महिनाभर घालत होते. माझ्या बाजूचे टाके लांब लांब, वेडेवाकडे पडलेत, आणि थंडीत तिथून वारा आत येतो. थंडीत मी तीच पांघरते.